हर्षल साहेबांना आवतण

"हितं कुनी बसू नका रं. ही जागा हर्षल साहेबांची."

अण्णांनी आपल्या उजव्या हाताला सतरंजीवर पंचा टाकून जागा धरली, आणि पाण्याची कळशी घेऊन उभा असलेला कल्याण जागच्या जागी थांबला. जत्रेच्या दिवशीची पहिली पंगत बसत होती. मागच्या अंगणात चुलीवर मटणाचं पातेलं रटरटत होतं. बाजरीच्या भाकरींची चळत अश्विनीने नुकतीच ओसरीवर आणून ठेवली होती. आणि अण्णांच्या उजव्या हाताची जागा कल्याण कळता झाल्यापासून थोरल्या मुलाची होती. सगळ्यांना वाढून झालं की तो तिथं बसायचा. आई होती तेव्हाही, ती गेल्यावरही.

"कोन म्हने हर्षल?" लंकाआत्याने विचारलं. अण्णांची ही थोरली बहीण कानाने कमी होती, तोंडाने नव्हती.

"कॉम्प्युटर कंपनीतला इंजिनेर हाय. लई गुनी पोरगा. मी आवतन दिलंय त्याला. म्हनला, बाबा, जमलं तर नक्की येतो."

"बाबा म्हनतो व्हय तुला?"

"बाबाच म्हनतो," अण्णा म्हणाले. ते म्हणताना त्यांचा चेहरा असा काही उजळला, की कल्याणने कळशी आदळून खाली ठेवली. निम्मं पाणी सतरंजीवर सांडलं. अश्विनीने नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि पुसायला फडकं आणलं.

हे सगळं सुरू झालं ते लॅपटॉपवरून, आणि लॅपटॉप म्हणजे अंगद.

धाकट्या अंगदने गेल्या दिवाळीत तो पुण्याहून आणला होता. त्याच दिवाळीत कल्याणने अण्णांच्या पाठीसाठी काष्टीच्या बाजारातून चांगली कापसाची गादी भरून आणली होती. गादीवर अण्णा रोज झोपत. पण येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत ते लॅपटॉप. "आमच्या अंगदनं दिलाय," असं सांगून तो उघडायचा, बैलगाडा शर्यतीचा व्हिडिओ लावायचा, आणि पाहुण्याने चहा संपवेपर्यंत घाटात बैल कसे सुटतात ते दाखवायचं. लिंबाच्या बागेला रोज पाणी देणारा, खत टाकणारा, गोण्या भरून टेम्पोत चढवणारा कल्याण त्या वेळी समोरून गेला, तर अण्णा म्हणत, "ह्यो आमचा थोरला. हितंच असतो." हितंच असतो. जणू दाराची चौकट.

आठवड्यापूर्वीच्या त्या संध्याकाळीही अण्णा शर्यतच पाहत होते. मध्येच कशावर तरी बोट दाबलं गेलं आणि सगळी स्क्रीन लाल झाली. सायरन वाजायला लागला. कॉम्प्युटरमध्ये घातक व्हायरस शिरला आहे, बंद करू नका, ताबडतोब या नंबरवर फोन करा, असं काहीबाही लिहून आलं. कल्याण नुकताच मळ्यातून आला होता. अंगाला लिंबाचे काटे ओरबाडलेले.

"कल्यान, बघ रं हे काय झालंय," अण्णांनी घाबरून हाक मारली.

"मला काय कळतंय त्यातलं? अंगदला इचारा. त्याचंच लेकरू हाय ते," कल्याण म्हणाला आणि अंघोळीला गेला.

अण्णांनी अंगदला विचारलं नाही. तो कामात असतो, त्याला कशाला त्रास. स्क्रीनवर नंबर होताच, तो त्यांनी लावला. यात त्यांना वावगं काहीच वाटलं नाही. सगळी नोकरी त्यांनी वीज मंडळात वायरमन म्हणून केली होती. कुणाच्या घरात अंधार झाला, कुणाची मोटर जळाली, की लोक फोन करायचे आणि गोरक्षनाथ वायरमन शिडी घेऊन सायकलवर निघायचा. तक्रार केली की माणूस येतो, यावर अण्णांचा देवासारखा विश्वास होता, कारण तो येणारा माणूस ते स्वतः होते.

माणूस आलाही. आला म्हणजे फोनवर आला. त्याने अण्णांकडून कसलंसं ॲप उतरवून घेतलं, कुठूनतरी लांबून त्यांचा लॅपटॉप चालवून दाखवला, लाल स्क्रीन घालवली आणि सर्व्हिस चार्ज म्हणून थोडे पैसे घेतले. मग दुसऱ्या दिवशी, तब्येत कशी आहे विचारायला, त्याने पुन्हा फोन केला. मग रोजच.

कल्याणला खुपायला लागलं ते इथून. भिंतीपलीकडे अण्णांचं हसणं ऐकू यायचं. आई गेल्यापासून अण्णा इतकं हसले नव्हते. आणि एकदा तो भाताचं ताट घेऊन त्यांच्या खोलीच्या दाराशी आला, तेव्हा अण्णा फोनवर सांगत होते, "आमचा थोरला झाला ना, त्या राती मी खांबावर हुतो. वादळानं तारा तुटल्या हुत्या. खालून मानूस वरडला, गोरखा, पोरगा झाला! मला वर रडाया यायला लागलं. एका हातानं खांब धरलेला, दुसऱ्यात पक्कड, डोळं पुसायचं कशानं?"

हा किस्सा कल्याणला माहीत नव्हता. स्वतःच्या जन्माची गोष्ट त्याने ताट हातात धरून दाराआडून ऐकली, आणि अण्णा ती दुसऱ्या कुणाला तरी सांगत होते.

त्याला संशय आला नव्हता असं नाही. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला होता, "अण्णा, कंपनीवाले असं रोज फोन करून गप्पा हानत न्हाईत. ह्यात कायतरी काळंबेरं हाय."

"तुला ना, माझ्याशी कुनी चांगलं बोललेलं खपत न्हाई," अण्णा म्हणाले.

ते खरंच होतं. म्हणून कल्याणला पुढे बोलता आलं नाही. खरं तर अंगदला एक फोन केला असता तर सगळं तिथंच कळलं असतं. दोनदा त्याने मोबाईल हातात घेतला, अंगदचं नाव काढलं, आणि ठेवून दिला. अंगद एका मिनिटात निस्तरणार, आणि मग घरात ऐकायचं काय, तर अंगदनं कसं ओळखलं आणि थोरल्याला नाकासमोरचं कसं दिसलं नाही. नकोच ते.

आणि आता त्या हर्षलला पंगतीत जागा.

"दादा, बस की तूबी," राजेश्वरी म्हणाली. ती कर्जतहून सकाळीच जत्रेला आली होती. कल्याणच्या पाठची बहीण, अण्णांची लाडकी. "ह्या बाजूला बस."

"मला भूक न्हाई."

"जत्रंच्या दिवशी भूक न्हाई?" आत्या म्हणाली. "काय रुसलाय व्हय रं?"

"रुसायला मी काय लहान हाय?"

अण्णांनी भाकरी कुस्करून रश्शात घातली, पहिला घास तोंडात टाकला, आणि फोन वाजला. घास तसाच गालात ठेवून त्यांनी खिशातून मोबाईल काढला. "हर्षल साहेब! कुठवर आलात?" म्हणत ते उठले आणि आतल्या खोलीकडे चालू लागले.

"आरं, भरल्या ताटावरून उठू नये!" आत्या ओरडली. पण अण्णा गेले होते.

कल्याण क्षणभर त्या पंच्याकडे बघत राहिला आणि त्यांच्या मागोमाग गेला.

खोलीचं दार लोटलेलं होतं. आतून अण्णांचा दबका आवाज येत होता. "व्हय, बँकेचं पान उघडलं... समदी जेवायला बसल्यात... न्हाई न्हाई, थोरल्याला कायबी सांगितलं न्हाई. तुमी म्हनले हुते ना."

कल्याणने दार ढकललं.

"थोरल्याला काय सांगितलं न्हाई, अण्णा?"

अण्णांनी चोरी पकडली गेल्यासारखा मोबाईल छातीशी धरला. समोर टेबलावर लॅपटॉप उघडा होता. "तू जा. जेव जा," ते म्हणाले.

"मला सांगू नका, असं त्यो का म्हनतो?"

"तू जा म्हनलं ना!"

आवाज वाढला तशी राजेश्वरी हात धुवून धावत आली, तिच्या मागे आत्या, आणि रश्शाची वाटी तशीच हातात घेऊन अश्विनी. एवढी माणसं दारात जमलेली पाहून अण्णांचा तोल गेला.

"ऐकायचंय ना? मग ऐका सगळ्यांसमोर. माझ्या खात्यात घरातलंच मानूस शिरतंय. साहेबांनी तपासून मला दाखवलं. कोन म्हनून इचारलं, तर ते म्हनले, बाबा, वाईट वाटून घेऊ नका, हे तुमच्या मोठ्या मुलाच्या मोबाईलवरनं हुतंय."

बाहेर लांबून जत्रेतल्या पिपाण्यांचा आवाज येत होता.

"माझ्या?" कल्याण म्हणाला.

"रिटायर झाल्यावरची ठेव हाय ती. तपास होईतवर कंपनीच्या सुरक्षित खात्यात ठेवायचीय, मग माघारी येतीय. बँकेत जाऊन सांगितलं तर बँकेतलं कुनी सामील आसंल, म्हनून हितनंच. आता कळलं का तुला का सांगितलं न्हाई?"

कल्याणने राजेश्वरीकडे पाहिलं. ही तरी हसेल, अण्णांना वेड्यात काढेल, अशी त्याची अपेक्षा होती. राजेश्वरी खाली बघत होती.

"दादा," ती हळू आवाजात म्हणाली, "परवा फोनवर अण्णा मला म्हनले, तू त्यांचं बँकेचं पुस्तक मागत हुतास."

"पीक विम्याला लागत हुतं, वन्सं," अश्विनी पटकन म्हणाली. "मीच सांगितलं हुतं त्यांना मागायला."

"मी नुसतं इचारलं, वहिनी."

"नुसतं न्हाई इचारलं तू," कल्याण म्हणाला. "तुला ते खरं वाटलं. कोन कुठला बिनतोंडाचा मानूस, त्यानं सांगितलं की तुझा भाऊ चोर, आन् तुला खरं वाटलं."

"साहेबांना कायबी म्हनायचं न्हाई!" अण्णा गरजले. "त्यो रोज इचारतो मला. तू कधी इचारलंस? तू नुसता जळतोस. अंगदवर जळतोस, आता ह्याच्यावर जळतोस."

एवढ्यात अश्विनीच्या हातातली वाटी कलंडली. रस्सा तिच्या पायावर सांडला, पण तिचं तिकडे लक्षच नव्हतं. ती लॅपटॉपकडे बघत होती.

"अहो," ती म्हणाली, "त्याला तर कुनी हात लावला न्हाई. मग त्यो बान कसा फिरतोय?"

सगळ्यांनी पाहिलं. अण्णांचे दोन्ही हात मोबाईलवर होते. आणि स्क्रीनवरचा बाण सावकाश, सराईतपणे एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात चालला होता. रकान्यांमध्ये अक्षरं आपोआप उमटत होती. घरात न आलेल्या माणसाने घरातल्या कपाटाशी उभं राहून किल्ल्या चाचपून बघाव्यात, तसं ते दिसत होतं.

लॅपटॉप हिसकावून अंगणात फेकावा, असं कल्याणच्या मनात आलं. पण तसं केलं असतं तर अण्णांच्या लेखी तीच कबुली ठरली असती. चोराने पुरावा फोडला.

"भावजींना फोन लावा," अश्विनी कुजबुजली.

"त्याला कशाला?"

हे शब्द अशा वेळीही त्याच्या तोंडून निघून गेले. अश्विनीने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याला स्वतःची लाज वाटली. त्याने अंगदला फोन लावला.

"दादा? जत्रा कशी चालल्ये?" अंगदने लगेच उचलला. "मला सुट्टीच मिळाली नाही रे, नाहीतर..."

"ऐक. अण्णांच्या लॅपटॉपवर बान आपोआप फिरतोय. बँकेचं पान उघडं हाय. फोनवर एक मानूस हाय, कंपनीतला म्हनतो."

"इंटरनेट बंद कर. आत्ता. बाकी सगळं नंतर. वायफायचा डबा आहे ना ओसरीत, त्याची वायर ओढून काढ."

कल्याण पंगतीतून, ताटांमधून, पाहुण्यांना ओलांडून धावला आणि त्याने भिंतीवरच्या डब्याची वायर खिळ्यासकट उपटली. परत आला तेव्हा बाण थांबलेला होता. अण्णा पिसाळले होते.

"ह्यानं वायर काढली! बघितलं का सगळ्यांनी? साहेब म्हनलेच हुते, पकडला गेला की असंच करंल!"

कल्याणने फोन स्पीकरवर टाकून त्यांच्यासमोर धरला.

"अण्णा, मी अंगद. शांतपणे ऐका. तो चोर आहे. कोणतीही कंपनी स्क्रीनवर सायरन वाजवून नंबर देत नाही. स्वतःहून फोन करून तुमचा कॉम्प्युटर मागत नाही. सुरक्षित खातं वगैरे काही नसतं, ते त्याचंच खातं. आणि घरच्यांना सांगू नका असं जो म्हणतो ना अण्णा, तो तिथंच चोर ठरतो. मोबाईलवर आलेला ओटीपीचा नंबर सांगितलात का त्याला?"

"एक सकाळी सांगितला, ठेव मोडायला," अण्णा म्हणाले. "दुसरा आत्ता आलाय. अजून न्हाई सांगितला."

"तो सांगू नका. वायर दादाने माझ्याच सांगण्यावरून काढली."

अण्णांनी फोनकडे पाहिलं. "खात्रीनं म्हनतोस का रं, अंगद?"

"खात्रीनं, अण्णा."

आणि अण्णा खाटेवर बसले. तेवढंच. कल्याणने जे आधीच सांगितलं होतं, आणि जे सांगून तो जळकुटा ठरला होता, ते धाकट्याने एका वाक्यात सांगितलं आणि अण्णांना पटलं. कल्याणला आनंद व्हायला हवा होता, पैसे वाचले होते. त्याला वाटत होतं, फोन भिंतीवर आपटावा.

अण्णांच्या हातातला मोबाईल अजून चालूच होता. त्यातून बारीक आवाज येत होता, "बाबा? बाबा, नेट गेलंय का तुमचं?" अण्णांनी तो कानाला लावला नाही. अंगदचा फोन स्पीकरवर होता तसा त्यांनी हाही केला, आणि समोर धरला.

"हर्षल साहेब, माझी पोरं काय म्हनत्यात बघा..."

"बाबा, मी तुम्हाला म्हणालो होतो ना, ते तुमची दिशाभूल करतील. तुम्ही नेट सुरू करा आणि आत्ता आलेला नंबर मला सांगा. लवकर. तुमचेच पैसे अडकतील."

काय गोड आवाज होता. कल्याणने तो पहिल्यांदाच एवढ्या जवळून ऐकला. आपण अण्णांशी कधी या आवाजात बोललो का, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

"हर्षल, बाळा," अण्णा म्हणाले. "तू मला खरं सांग. मी काय म्हननार न्हाई तुला. मी तुला जेवायला बोलावलंय रं."

पलीकडून तोच आवाज आला, पण त्याच्यातलं दूध नासलं होतं.

"ए म्हाताऱ्या, नाटकं बंद कर. नंबर सांगतो का नाही? आठवडा घालवलाय तुझी ती खांबाची अन् बैलांची रडगाणी ऐकण्यात..." आणि त्यापुढे त्याने अण्णांच्या गेलेल्या बायकोवरून अशी शिवी दिली, की राजेश्वरीने पदर तोंडाशी धरला. फोन बंद झाला.

आत्याला नीट ऐकू गेलं नव्हतं. "काय म्हनला? येतो म्हनला का?" तिने विचारलं.



कल्याणला आठवडाभर हेच हवं होतं. अण्णांनी त्या पोराचं खरं रूप पाहावं, सगळ्यांसमोर पाहावं, आणि मान खाली घालावी. आता अण्णांची मान खाली होती. मोबाईल मांडीवर पडला होता आणि ते तो तळहाताने पुसत होते, जणू त्यालाच काही लागलं होतं. कल्याणने तो त्यांच्या हातातून काढून घेतला. "पानी आन," तो अश्विनीला म्हणाला.

मग तासभर सगळं अंगदच्या सांगण्यावरून चाललं. लॅपटॉप बंद करून ठेवला. १९३० वर फोन लावून सायबर तक्रार नोंदवली. बँकेचा नंबर इंटरनेटवर शोधू नको, तिथंही चोरांचे नंबर असतात, अण्णांच्या कार्डाच्या मागे छापलाय तो लाव, असं अंगदने बजावलं. ठेव मोडली गेली होती, पण पैसे खात्यातच होते. खातं गोठवलं गेलं. फोन लावत होता कल्याण, वाट पाहत होता कल्याण, अण्णांची जन्मतारीख पुन्हा पुन्हा सांगत होता कल्याण. आणि दुसऱ्या पंगतीला आलेल्या पाहुण्यांना ओसरीवर राजेश्वरी सांगत होती, "आमचा अंगद हुता म्हनून. त्यानं पुन्यात बसून एका मिनटात ओळखलं!"

दिवस कलला. पाहुणे कुस्त्या बघायला गेले. कल्याण मागच्या अंगणात पातेलं घासत बसला. ते त्याचं काम नव्हतं, पण अश्विनीने अडवलं नाही. राजेश्वरी येऊन समोर उकिडवी बसली.

"दादा, मी तसं बोलायला नको हुतं."

"बोललीस ना."

"अण्णांनी सांगितलं म्हनून मला..."

"त्या चोरानं अण्णांना सांगितलं, अण्णांनी तुला. मला इचारलं का कुनी?"

राजेश्वरीने मूठभर राख उचलून पातेल्यात टाकली. "एक इचारू? तुला राग माझा आलाय, का अण्णांनी अंगदचं ऐकलं त्याचा?"

कल्याण घासत राहिला. "दोनीचा," तो शेवटी म्हणाला. "आन् त्या चोराचाबी."

"चोराचा येनारच की."

"तसा न्हाई. अण्णा त्याला सांगत हुते, मी जन्मलो त्या राती ते खांबावर कसं रडलं. मला कधी सांगितलं न्हाई त्यांनी. तुला सांगितलंय का?"

राजेश्वरीने मान हलवली. तिने राखेने माखलेली बोटं एकमेकांवर चोळली. "माझ्या जन्माचं कायतरी सांगितलं का रं त्याला?" तिने विचारलं. तिच्या आवाजात आता जे होतं, ते कल्याणने लगेच ओळखलं. आठवडाभर तेच त्याच्या आत होतं.

"ठाव न्हाई," तो म्हणाला. "सरक, तिकडची कड घासतो."

दुसऱ्या दिवशी कल्याण अण्णांना मोटारसायकलवर मागे बसवून काष्टीला बँकेत निघाला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस उभा होता. वाऱ्यातून अण्णांचा आवाज आला.

"गोळी घेतली का म्हनून रोज इचारायचा रं त्यो."

कल्याणच्या हातात ॲक्सिलरेटर आवळला गेला. अजूनही त्याला ते खुपत होतं. "मीबी इचारतो की."

"तू इचारत न्हाईस. तू वरडतोस."

समोरून उसाची ट्रॉली आली. कल्याणने गाडी कडेला घेऊन ती जाऊ दिली. "वरडतो," तो म्हणाला, आणि पुन्हा गाडी रस्त्यावर घेतली.

बँकेतल्या अधिकारी बाई समजूतदार होत्या. अण्णांना त्यांनी खुर्ची दिली, कुणी हसलं नाही, कुणी शहाणपणा शिकवला नाही. जुने पासवर्ड काढून टाकले, मोडलेली ठेव पुन्हा घालायचा अर्ज भरून घेतला. गेल्या आठवड्यातला सर्व्हिस चार्ज मिळेल न मिळेल, पण तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा म्हणाल्या. अण्णा प्रत्येक सहीला पेन घट्ट धरून, वाकून, लहान मुलासारखी सही करत होते.

"आणखी एक," बाई म्हणाल्या. "खात्यात काही वेगळं दिसलं आणि तुमचा फोन लागला नाही, तर घरातल्या कुणाला फोन करायचा? एकाचा नंबर लिहून घेते."

अण्णांनी तोंड उघडलं. कोणतं नाव येणार हे कल्याणला माहीत होतं, आणि तो खिडकीबाहेर बघायला लागला. बाहेर कुणी तरी लिंबांच्या गोण्या टेम्पोत चढवत होतं.

"सांग की," अण्णा म्हणाले.

कल्याणने वळून पाहिलं. "काय?"

"तुझा नंबर सांग त्यांना. मला पाठ न्हाई."

कल्याणने सांगायला सुरुवात केली आणि स्वतःचाच नंबर सांगताना एक आकडा चुकला. बाईंनी खोडलं. अंगद इथं असता तर अण्णांनी कुणाचा दिला असता, हा प्रश्न त्याच्या जिभेवर आला होता. तो त्याने गिळला आणि पुन्हा पहिल्यापासून, एकेक आकडा सावकाश सांगितला.

बाई लिहीत होत्या. शेजारच्या खुर्चीत अण्णा डोळे मिटून, ओठ हलवत, त्याच्या मागोमाग एकेक आकडा पाठ करत होते.